काजळीची शाई आणि रंगांचा त्याग

भगवान ऋषभदेवांनी मानवाला असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असे परंपरा सांगते. त्यांतील मसी म्हणजे शाई, अर्थात लेखन. व्यापारी घराण्यांत वाणिज्य आणि मसी यांची सांगड फार जुनी आहे. दिवाळीला वहीचे पूजन होते, त्यामागेही लिहिलेले टिकावे हीच भावना असते. आज पेढीवरची शाई प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये जाऊन बसली आहे. तिची खरी परीक्षा बिले छापताना होत नाही. पणजोबांच्या कृष्णधवल छायाचित्राची नवी प्रत काढताना होते.

रंगीत इंकजेट प्रिंटरमधून निघालेली अशी प्रत प्रथमदर्शनी सुरेख दिसते. मात्र तीच प्रत खिडकीपाशी नेली तर किंचित हिरवट भासते आणि दिव्याखाली जांभळट. काही वर्षे भिंतीवर राहिली, की पणजोबांच्या पांढऱ्या पागोट्यावर भलतीच झाक चढते. याचे कारण असे, की रंगीत प्रिंटर करडी छटा बहुधा निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या शायांच्या मिश्रणातून घडवतो. ही एक प्रकारची भागीदारीची पेढी होय. प्रत्येक रंगाचा विटण्याचा वेग निराळा असल्यामुळे एका भागीदाराने अंग काढून घेतले, की सगळा ताळेबंद बिघडतो. केवळ काळ्या शाईने छापावे, तर चेहऱ्याच्या उजळ भागात काळे ठिपके विरळ पडतात आणि गाल दाणेदार दिसू लागतो.

या अडचणीवर अमेरिकेतील छायाचित्र-मुद्रकांनी एक वेगळी वाट काढली. व्हरमाँट राज्यात मुद्रणशाळा चालवणारे जॉन कोन यांनी २००० साली ‘पीझोग्राफी’ या नावाने खास कृष्णधवल शाया आणि त्या छापण्याची प्रणाली बाजारात आणली. कल्पना सरळ होती. प्रिंटरमधील सर्व रंगीत शाया काढून टाकायच्या आणि त्या कप्प्यांत गडद काळ्यापासून फिक्या करड्यापर्यंत एकाच कुळातील छटा भरायच्या. पुढे या छटांची संख्या सातपर्यंत गेली. फिक्या जागी फिकी शाईच दाट ठिपक्यांनी पडते, त्यामुळे ठिपके डोळ्यांना जाणवत नाहीत आणि सावलीतील बारकावेही उमटतात. पॉल रोआर्क या छायाचित्रकाराने काजळीची एकच काळी शाई पातळ करून सर्व छटा घरी तयार करण्याची कृती सर्वांसाठी खुली केली.

एप्सनसारख्या प्रिंटरमध्ये शाई उकळली जात नाही. विजेच्या दाबाने वाकणारा स्फटिक ती नोझलमधून ढकलतो, म्हणून निराळ्या शाया अशा यंत्राला मानवतात. मात्र नेहमीची आज्ञावली निळ्या कप्प्यात निळाच रंग आहे असे समजून चालते. त्यामुळे प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र आज्ञा देणारी रॉय हॅरिंग्टन यांची ‘क्वाडटोन रिप’ यांसारखी आज्ञावली लागते.

या शायांचा प्राण म्हणजे कार्बन, म्हणजेच काजळी. प्रकाशाने तो जवळजवळ विटत नाही. जैन ज्ञानभांडारांतील पोथ्या याची साक्ष देतात. पाटण आणि जेसलमेर येथील भांडारांची व्यवस्था लावणारे आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजी यांनी लेखनकलेवरील आपल्या गुजराती विवेचनात शाईच्या जुन्या कृतींचाही परामर्श घेतला आहे. काजळी आणि डिंक घोटून केलेली मसी शतकानुशतके काळीच राहिली. मुद्रकांनी नव्या यंत्रात भरले ते याच मसीचे सूक्ष्म रूप.

शुद्ध कार्बनची छटा कागदावर थोडी उबदार, तपकिरीकडे झुकणारी असते. ती थंड करण्यासाठी निळसर रंगद्रव्य मिसळले, तर तेवढ्यापुरता टिकाऊपणा कमी होतो. कुटुंबाचा ठेवा जपायचा असेल, तर ती ऊब स्वीकारणेच शहाणपणाचे. कागदही सुती, आम्लरहित आणि कृत्रिम शुभ्रकाविना असावा.

अहिंसेच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. जुन्या पद्धतीच्या कृष्णधवल छायाचित्र-कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. शाईच्या छपाईला तो थर अपरिहार्य नाही. तरीही काही इंकजेट कागदांच्या लेपात वा खळीत जिलेटिन वापरलेले असते आणि हाडे जाळून केलेला काळा रंगही जगात विकला जातो. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून लेखी खुलासा मागावा.

व्यापाऱ्याने खर्चाची बाजूही नीट पाहावी. परकी शाई भरल्यावर हमीचा दावा करणे अवघड होते. चिपच्या अडचणी येतात. आज्ञावलीच्या एखाद्या नव्या आवृत्तीनंतर यंत्र परके कार्ट्रिज नाकारू शकते. कार्बनचे कण तळाशी बसतात, म्हणून कार्ट्रिज अधूनमधून हलक्या हाताने हलवावे लागते. आठवड्यातून एकदा तरी छपाई झाली नाही, तर उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत नोझल चोंदतात. रूपांतर करण्याआधी नोझलची चाचणी घ्यावी. आधीच आजारी असलेले यंत्र नव्या शाईने बरे होत नाही. ज्याला वर्षाकाठी दोन-चारच प्रती हव्यात, त्याने हे काम जाणकार मुद्रकाकडे सोपवावे. मूळ छायाचित्र मात्र कोणत्याही परिस्थितीत टाकू नये.

एकदा कृष्णधवल झालेले यंत्र पुन्हा रंगांकडे नेणे बहुधा परवडत नाही. लग्नपत्रिका, माल दाखवणारी चित्रे, मुलांचे शालेय प्रकल्प यांसाठी दुसरा प्रिंटर लागतो. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत आहे. आपल्याजवळ काय असावे आणि कुठे थांबावे, हे ते आधीच ठरवायला सांगते. हे रूपांतर करणाऱ्यालाही असाच निश्चय करावा लागतो. सगळे रंग सोडल्यावरच त्या यंत्राला करड्याच्या इतक्या पायऱ्या मिळतात, की आजीच्या कपाळावरची पुसट आठीसुद्धा नातवंडांना दिसते.