नंबर लागणे

प्लेस्टेशन ५ हे खेळयंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले. त्याची आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता खुली झाली आणि काही मिनिटांतच संपली. किंमत ४९,९९० रुपये. सांगलीतील आमचा एक विद्यार्थी त्या दुपारी तीन मोबाइल पुढ्यात ठेवून बसला होता. एक स्वतःचा, एक आईचा, एक मामाचा. निम्मे पैसे शिकवण्यांचे, निम्मे मामाकडून उसने. पडद्यावर एक चक्र फिरत राहिले आणि मग माल संपल्याची ओळ उमटली. पुढे दीडेक वर्ष तो अधूनमधून असाच बसत राहिला.

ही हकिगत त्याने आम्हांला २०२२ च्या पावसाळ्यात सांगितली, तीही 'प्रतीक्षा' या विषयावर वर्गात बोलणे चालू असताना. (आम्ही दोघे, एक साताऱ्यात मराठी शिकवतो, दुसरी सांगलीत. त्या दिवशी योगायोगाने एकत्र होतो.) वर्ग हसला. नंतर प्राध्यापक-कक्षात एक ज्येष्ठ सहकारी मात्र चिडले. ज्या सांगलीत ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माणसे पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभी राहिली, तिथे खेळण्यासाठी ताटकळणे म्हणजे प्रतीक्षा नव्हे, हव्यास. आणि तुम्ही त्याला साहित्याच्या तासाला बसवता!

पाण्याची रांग आणि ही रांग एक नाही, हे आम्हांला मान्यच आहे. पण 'हव्यास' हा शब्द आमच्या घशाखाली उतरला नाही. याचे कारण साताऱ्यातच आहे.

१९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. त्या काळी किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे, मागणी त्याच्या कितीतरी पट असे, आणि बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. आमच्यापैकी साताऱ्याच्या घरातील वडिलांनी अनामत भरून नंबर लावला तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. गाडी दारात आली तेव्हा आम्ही शाळेत जात होतो. कारखाना गावातच, आणि गाडीसाठी मात्र वर्षे! स्कूटर ही काही पाण्यासारखी गरज नव्हती. सायकल होती, एसटी होती. तरी वडिलांना कोणी हव्यासी म्हटले नाही. उलट 'नंबर लागला का?' ही गल्लीतली आपुलकीची चौकशी होती.

ती रांग न्यायाची होती असे मात्र कोणी समजू नये. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळा कोटा होता. ज्याचा भाऊ परदेशात, त्याचा नंबर लवकर. हाती आलेली गाडी दुसऱ्या दिवशी जादा दराने विकणारेही होते. २०२१ सालीही तेच घडले. सेमीकंडक्टर चिपांच्या तुटवड्यामुळे यंत्रे कमी निघत होती आणि ती मिळवून वाढीव किमतीला विकणारे जगभर टपून होते. किंमत बांधलेली आणि पुरवठा अपुरा असला की रांग आपोआप उभी राहते. तिच्या तोंडाशी स्कूटर आहे की खेळयंत्र, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

फरक आहे तो दुसरीकडे. वडिलांजवळ पावती होती, तिच्यावर क्रमांक होता. आपल्या पुढे कोण, मागे कोण, याचा अंदाज होता. अन्याय झाला तर तो सांगता येत होता, कारण कोणाला ओलांडून कोण पुढे गेले हे दिसत होते. आमच्या विद्यार्थ्याला क्रमांकच नव्हता. त्याच्या पुढे दहा माणसे होती की दहा हजार, की यंत्रे विकत घेणारे दुसरे एखादे यंत्रच, हे त्याला कधीच कळले नाही. भांडायला खिडकी नव्हती आणि 'अहो, मी आधी आलोय' असे म्हणायला शेजारी नव्हता. सोबत असते त्या थांबण्याला आपण रांग म्हणतो. याला काय म्हणायचे?

इथे आमच्या विषयाचा संबंध येतो. आपल्या अभ्यासक्रमांत प्रतीक्षा आहे ती विरहिणीची, भक्ताची, पावसाकडे डोळे लावलेल्या शेतकऱ्याची. रांग नाही. वास्तविक दर्शनबारीपासून रॉकेलपर्यंत मराठी माणसाने आयुष्याचा केवढा तरी भाग रांगेत घालवला. व्लादिमीर सोरोकिन या रशियन लेखकाने रांगेवर अख्खी कादंबरी लिहिली. ती १९८५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तीत निवेदन जवळजवळ नाही, आहेत ते रांगेतल्या माणसांचे आवाज, आणि तोंडाशी नेमके काय मिळणार हेही त्यांना धड ठाऊक नाही. पण तशी कादंबरी लिहायला निदान आवाज तरी लागतात. तीन मोबाइल आणि फिरणारे चक्र यांचे संवाद कसे लिहायचे, हा आमच्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न त्या सहकाऱ्यांना वाटला तितका पोरकट नाही. आम्ही त्याला तो प्रसंग लिहून आणायला सांगितले. त्याने दीड पान आणले. त्यात आई दोनदा येऊन 'जेवायला ये' म्हणते, एवढाच काय तो संवाद.

२०२३ च्या आरंभी पुरवठा सुरळीत झाल्याचे कंपनीने जाहीर केले. यथावकाश ते यंत्र सांगलीच्या एका दुकानात काचेमागे दिसू लागले, रांगेशिवाय. तोवर मुलगा पुण्याला नोकरीस लागला होता. घेतलेस का, असे आम्ही फोनवर विचारले. मामाचे पैसे परत केले, म्हणाला.