शिबिर दोन दिवसांचे, गरज वर्षभराची

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आमच्या वस्त्यावस्त्यांत रक्तदान शिबिरे भरतात. तरुण रांगा लावतात, पिशव्या भरतात. हे काम मोलाचेच आहे. पण त्यानंतर महिन्याभराने त्याच वस्तीतल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला प्लेटलेट लागल्या, तर त्या शिबिराचा त्याला काय उपयोग? लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट मात्र जेमतेम ५ दिवस!

यावर उपाय आहे तो अफेरेसिस यंत्राचा. दात्याच्या हातातून निघालेले रक्त यंत्रात फिरते, प्लेटलेट वेगळ्या होतात आणि लाल पेशी व उरलेले रक्त दात्याच्या शरीरात परत जाते. तास-दीड तास लागतो. कधी ओठांना मुंग्या येतात, त्या कॅल्शियमने थांबतात. एका दात्याकडून मिळालेल्या प्लेटलेट साधारण ६ पिशव्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटइतक्या भरतात. साध्या रक्तदानानंतर पुरुषाला ९० दिवस थांबावे लागते. येथे ४८ तासांनंतर पुन्हा देता येते. मात्र आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा, ही नियमाची मर्यादा आहे.

मग अडते कुठे? ज्याचे गणगोत शहरात आहे, त्याला चार फोनवर दाता मिळतो. गावाहून आलेल्या शेतमजुराने अनोळखी शहरात कोणाचे दार ठोठावायचे? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. रक्ताला किंमत लावता येत नाही, रक्तपेढीला फक्त प्रक्रिया खर्च घेता येतो. कायदा चांगलाच आहे. पण विकत घेणे बंद झाल्यावर स्वेच्छेने देणारा उभा राहिला नाही, तर गरिबाच्या हाती फक्त कायदा उरतो, प्लेटलेट नाही. आणि नडलेला माणूस दलालाच्या तावडीत सापडतो.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : शिबिरे भरवाच, पण प्रत्येक विहारात एक वही ठेवा. नाव, रक्तगट, फोन आणि 'प्लेटलेट देण्यास तयार' एवढी नोंद पुरे. दाता योग्य आहे की नाही, ते रक्तपेढीचे डॉक्टर तपासतील. हाक आली की तास-दीड तास देणारी पन्नास माणसे वस्तीत असणे, हे शंभर प्रमाणपत्रांहून मोठे आहे. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण रोज उच्चारतो. ते या वहीत उतरू द्या!