बॅज मिळाला, पण वाट कोण शिकवणार?

रात्री उशिराची कसारा लोकल आसनगावला थांबली की स्टेशनबाहेरच्या रिक्षा आणि जीपकडे माणसं धावतात. कुणाला शहापूर गाठायचं असतं, कुणाला किन्हवली, कुणाला डोळखांबकडचा एखादा पाडा. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणहून एसटी चुकली की सगळी भिस्त खासगी गाडीवर. या गाड्यांच्या स्टीअरिंगवर आपल्या मोहल्ल्यातली मुलंही आहेत. त्यामुळे चालकाला नेमकं काय यायला हवं आणि ते त्याला कोण शिकवणार, हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

आपल्या राज्यात चालकाच्या परीक्षेची चर्चा निघाली की ती भाषेवर येऊन थांबते. जानेवारी 2010 मध्ये टॅक्सी परमिटसाठी मराठी सक्तीची केल्याचं सरकारने जाहीर केलं आणि गदारोळ होताच सारवासारव केली. फेब्रुवारी 2016 मध्ये रिक्षा परमिटसाठी मराठीच्या सक्तीचं परिपत्रक निघालं. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये ते रद्द केलं. शहापूर-मुरबाडच्या मुस्लिम चालकाला या वादाची भीती नाही. तो प्रवाशाशी, भाजीवाल्याशी, तलाठ्याशी मराठीतच बोलतो. प्रवाशाची भाषा यावी हे आम्हालाही मान्य आहे. पण भाषा येते म्हणून वाट माहीत असते असं नाही, आणि त्या बाजूने कुणी विचारच केला नाही.

दरम्यान कायद्यात मोठा बदल झाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहनही चालवू शकतो, लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही. 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हेच कायम ठेवलं. त्याआधी 2019 मध्ये केंद्राने व्यावसायिक चालकासाठी असलेली आठवी पासची अटही काढली. हे दोन्ही निर्णय गरिबाच्या रोजीच्या बाजूचे आहेत आणि आम्ही त्यांचं स्वागतच करतो. शाळा सुटलेल्या मुलाला दार उघडलं. फक्त लायसन्सवरच्या नोंदीसाठी का होईना, चालकाला पुन्हा एकदा तपासणारा एक टप्पा होता, तोही गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत अ‍ॅपवरच्या टॅक्सीचालकासाठी पाच दिवसांचं, 30 तासांचं प्रशिक्षण सांगितलं होतं. पण स्टँडवरची जीप कोणत्याच कंपनीची नसते. तिच्या चालकाला कोण बोलावणार?

लंडनमध्ये 1865 पासून टॅक्सीचालकाची वाटांची परीक्षा होते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले रस्ते आणि 320 ठराविक मार्ग तोंडपाठ करायला माणसाला तीन-चार वर्षं लागतात. कोणी म्हणेल, आता मोबाइलवर नकाशा असताना ही घोकंपट्टी कशाला? शहरापुरतं ते ठीक असेल. आमच्याकडे डोंगराच्या कुशीत रेंजच जाते. पाड्याचं नाव नकाशात नसतं, असलं तर चुकीच्या जागी असतं. आणि पावसात कोणत्या फरशीवरून पाणी गेलंय, माळशेज घाटात दरड आलीय का, हे नकाशाआधी स्टँडवर कळतं.

समजा, रात्री दोन वाजता एखाद्या पाड्यावर साप चावला किंवा बाई अडली. गाडी मिळाली. आता शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचं, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात की थेट ठाण्याकडे निघायचं? कुठला रस्ता लांबचा पण चालू आहे? निघण्याआधी 108 ला फोन केला का? इथे चालकाच्या माहितीवर जीव अवलंबून असतो. महामार्गावरच्या अपघाताचंही तसंच. 5 मे 2025 पासून केंद्राची योजना लागू आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात रोख न भरता मिळतात. जखमीला मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने कायद्याचं संरक्षणही दिलं आहे. पण नियुक्त रुग्णालय कोणतं हे माहीत नसेल, पोलिसांच्या भीतीने चालक गाडी थांबवत नसेल, तर ही योजना कागदावरच राहते.

यावर एक आक्षेप आम्हाला माहीत आहे. परीक्षा वाढली की एजंटाचा दर वाढतो. खरं आहे. म्हणूनच लेखी पेपर, नवी फी आणि तालुक्याबाहेरचे हेलपाटे आम्हाला नको आहेत. शहापूर आणि मुरबाडमध्येच, दोन दिवसांचं, मोफत प्रशिक्षण हवं. शेवटी मराठीत तोंडी प्रश्न: पाच पाड्यांची वाट, जवळची रुग्णालयं, घाटातली पावसाळी गाडी, रक्तस्राव कसा थांबवायचा, विम्याचे कागद. जो चुकेल त्याची रोजी बंद करायची नाही, त्याला पुन्हा बसवायचं. शिकवायला परिवहन विभाग, आरोग्य खातं आणि स्टँडवरचे जुने चालक असावेत. वीस-वीस वर्षं या वाटा तुडवलेल्या माणसाइतकं कुणाला कळतं?

सरकार कधी जागं होईल, याची वाट बघत बसायचीही गरज नाही. आपली माणसं दुबईला टॅक्सी चालवायला गेली की निमूट प्रशिक्षण घेतात, परीक्षा देतात, नापास झाली तर पुन्हा बसतात. मग ज्या गाडीत आपलीच आई, आपलीच लेक बसते, तिच्यासाठी एवढं का नको? जमातीचा हॉल एका रविवारी उघडा ठेवता येतो. रिक्षा आणि जीप संघटनांनी सगळ्या समाजांच्या चालकांना बोलवावं, तालुक्याच्या डॉक्टरांना दोन तास मागावेत. आणि पावसाळ्याआधी रुग्णालयांची व बंद पडणाऱ्या रस्त्यांची यादी हाताने लिहून प्रत्येक स्टँडवर लावावी. त्याला कुणाच्या परिपत्रकाची गरज नाही.