बोलणे आणि ऐकणे

मोठ्या आवाजात, न अडखळता बोलता आले म्हणजे वक्तृत्व साधले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. वक्तृत्वाचे मूळ संभाषणात आहे. ज्याला समोरच्या माणसाचे ऐकून घेता येत नाही, त्याचे बोलणे सभेच्या मनापर्यंत पोहोचत नाही.

सभेत बोलण्याचे प्रकार निरनिराळे आहेत. व्याख्यानात विषय क्रमाने समजावून द्यावयाचा असतो. वादविवादात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट समजून घ्यावे लागते. मगच ते खोडता येते. कीर्तनात गोष्ट, गाणे आणि उपदेश यांचा मेळ असतो. परंतु श्रोत्याची जाण या सर्वांनाच हवी.

गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) उदाहरण पाहावे. त्यांना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. दिवसा ते खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे मुका प्राणी मारावा काय, असे प्रश्न ते लोकांच्याच बोलीत लोकांना विचारीत. उत्तर श्रोत्यांच्या तोंडून येई. दुसऱ्याने केलेला उपदेश मनुष्य विसरतो. स्वतः दिलेले उत्तर मात्र त्याला सहजासहजी टाळता येत नाही.

म्हणून ज्याला उत्तम वक्ता व्हावयाचे असेल, त्याने आरशापुढे हातवारे करण्याआधी घरात व वर्गात दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, न समजले तर विचारावे आणि मतभेद शांतपणे सांगावा. तेथेच त्याच्या वक्तृत्वाचा पहिला धडा आहे.