वारंवार पडणारी कळ

ज्येष्ठातील उन्हे तापली की दिल्लीतील घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते : "कळ पुन्हा पडली!" १९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटपर्यंत चढली होती. हा आकडा साऱ्या शहराचा. पण त्याचा भार अखेर घराघरांतील तारांनाच वाहावा लागतो. करोल बागेसारख्या जुन्या वस्तीत तर तो विशेष जाणवतो. बीडनपुरा, रैगरपुरा या भागांत खाली दुकान, मध्ये दागिन्यांच्या कारागिरांची कामाची खोली आणि वर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ. गलाईच्या व्यवसायानिमित्त सांगली जिल्ह्यातून देशभर पांगलेल्या मराठी कुटुंबांनाही अशी घरे अपरिचित नाहीत. यांतील कित्येक घरांच्या भिंतींत तारा घातल्या गेल्या तेव्हा चार दिवे आणि दोन पंखे एवढाच विजेचा संसार होता. आज त्याच तारांवर गिझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र यांचा भार पडतो.

अशा वेळी आपला राग त्या बिचाऱ्या कळीवर निघतो. वस्तुतः एमसीबी या नावाने ओळखली जाणारी ही कळ घराचा पहारेकरी आहे. पूर्वी हे काम चिनी मातीच्या फ्यूजमधील बारीक तार करीत असे. ती वितळली की प्रवाह थांबे. पुढे १९२४ साली जर्मनीतील ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात पुन्हा चढवता येणारी कळ तयार झाली. तिच्यात दोन युक्त्या एकत्र नांदतात. दोन धातूंची जोडपट्टी जास्त प्रवाहाने तापून हळूहळू वाकते आणि कळ पाडते. तारा एकमेकींना भिडून प्रवाह एकाएकी उसळला, तर विद्युच्चुंबक ती तत्क्षणी पाडतो.

म्हणून कळ कशी पडते, इकडे आधी लक्ष द्यावे. काही मिनिटांनी पडत असेल तर बहुधा भार जास्त झाला आहे. हिशेब सोपा आहे : उपकरणावर लिहिलेल्या वॅटना २३० ने भागावे. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर, दीड हजार वॅटची पाण्याची किटली ६.५ आणि हजार वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते. तिन्ही एकाच मार्गावर चालली की बेरीज १९.५ होते. सोळा अँपिअरची कळ हा भार काही काळ सोसेल, मग पडेल. दिल्लीच्या उन्हात, बंद पेटीत ती एरवीपेक्षा लवकर पडते. उपाय हाच की जड उपकरणे आळीपाळीने लावावीत आणि गिझर व वातानुकूलन यंत्र यांना स्वतंत्र तारा द्याव्यात. घराचा एकूण वापर वाढला असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून मंजूर भारही वाढवून घ्यावा.

कळ चढवताक्षणी पडत असेल तर त्या मार्गावरील सर्व बटणे बंद करून प्लग काढावेत. कळ आधी पूर्ण खाली ओढून मग एकदाच वर करावी. तरीही पडली तर दोष भिंतीतील तारांत किंवा जोडणीत आहे असे समजावे आणि परवानाधारक मिस्त्रीस बोलवावे. टिकली तर एकेक उपकरण लावीत जावे; ज्याच्या पाठोपाठ कळ पडेल तेच दोषी. पुनःपुन्हा कळ चढवीत बसू नये. जळका वास आला किंवा पेटी तापलेली वाटली, तर मुख्य कळ बंद करावी.

काही घरांत आरसीसीबी नावाची आणखी एक कळ असते. जाणारा आणि परतणारा प्रवाह ती तोलून पाहते. घरगुती कळीत हा फरक साधारणतः ३० मिलिअँपिअर झाला की ती पडते, कारण तेवढी वीज कोठेतरी गळत असते. पावसाची ओल, कूलरचा पंप किंवा गिझरमधील खराब झालेली तापतार ही नेहमीची कारणे. इन्व्हर्टर बसवताना दोन मार्गांच्या न्यूट्रल तारा एकत्र झाल्या तरी असेच घडते. तिच्यावरील चाचणीचे बटण तीन महिन्यांतून एकदा तरी दाबावे. कळ पडली नाही तर ती बदलावी.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. कंटाळून पुष्कळ लोक सोळाच्या जागी बत्तीसची कळ बसवतात. कळ पडणे थांबते, घरात समाधान पसरते. आणि भिंतीतील तार मुकाट्याने तापू लागते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि ती तार प्लास्टरच्या आत असल्याने कोणाला दिसत नाही. कळीचा आकडा उपकरणांवरून नव्हे, तारेच्या जाडीवरून ठरवायचा असतो. फ्यूजमध्ये जाड तार पिळून घालण्याची जुनी खोड आणि ही नवी युक्ती यांत काडीचाही फरक नाही.

१२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे करोल बागेतील एका हॉटेलास आग लागून १७ जणांचे प्राण गेले. प्राथमिक तपासात विजेच्या शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला होता. मग आपल्या घरातील तारा किती वर्षांच्या आहेत, हे कधी विचारले आहे काय? नवी तार आणि कळ घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, भूतार आहे की नाही याची खात्री करावी आणि जुन्या जोडण्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नेहमी मागे पडतो.

वाचकहो, पहारेकऱ्याने रात्री हाक मारली तर आपण त्याचे तोंड बांधत नाही. उठून दार पाहतो. पडलेल्या कळीच्या बाबतीतही तेवढाच विवेक पुरेसा आहे.