व्हिसाची बातमी आपल्या वस्तीत उशिरा का पोहोचते?



परदेशात शिकायला निघालेल्या आपल्या मुलाचा व्हिसा नाकारला गेला की घरात एकच वाक्य ऐकू येतं : 'नशिबात नव्हतं.' बुद्धाला मानणाऱ्या घरात तरी हे वाक्य बोललं जाऊ नये. कारण शोधलं तर बहुतेक वेळा साधं निघतं. नियम बदलला होता, आणि तो बदल आपल्याला वेळेत कुणी सांगितला नव्हता.

वेळेत कळणं हे जातीशी बांधलेलं आहे. ज्या घरात तीन पिढ्यांपासून पदव्या आहेत, त्या घराचा मामा न्यू जर्सीत असतो, आतेबहीण लंडनमध्ये असते. तिकडे नियम बदलला की रात्रीपर्यंत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्याचा अर्थही येऊन पडतो. समाजशास्त्र याला सामाजिक भांडवल म्हणतं. सोलापूरच्या बुधवार पेठेतून, मिलिंदनगरातून निघणारा मुलगा बहुधा घरातला पहिलाच असतो. त्याला मामा नसतो, एजंट असतो. आणि एजंटाचा धंदाच आपल्या न कळण्यावर चालतो.

ब्रिटनचंच घ्या. १ जानेवारी २०२४ पासून तिथे साध्या मास्टर्सला जाणाऱ्याला नवरा, बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. संशोधनाच्या अभ्यासक्रमांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांपेक्षा मोठ्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना तेवढी सूट आहे. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिनेच मिळणार आहेत. पीएचडीवाले त्यातून वगळले आहेत. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्याने कर्जाचा हिशेब अठरा महिन्यांच्या कमाईवर मांडायला हवा. 'दोन वर्षं कमवाल, कर्ज फेडाल' असं जुनं पत्रक दाखवून जो एजंट प्रवेश विकतो, तो फसवतो आहे.

दुसरा नियम पैशाचा. शिक्षणाची उरलेली फी आणि राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दिसावा लागतो. पण पूर्ण खर्च भारत सरकारची शिष्यवृत्ती उचलत असेल, तर तसं स्पष्ट लिहिलेलं सरकारचं पत्र चालतं. हे माहीत नसल्यामुळे बाप सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून खात्यात 'दाखवतो'. पोराचं शिक्षण सुरू होण्याआधीच घर कर्जात जातं.

आणि ते पत्र तरी वेळेवर येतं का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली. तात्पुरती पत्रं मिळाली ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना सांगितलं गेलं, निधी उपलब्ध झाला तर देऊ. विद्यापीठाची तारीख थांबत नाही, दूतावासाची तर नाहीच. सामाजिक न्याय मंत्रालयाला हे कळत नाही असं मी मानत नाही. दलित विद्यार्थ्याचा वेळ फुकटचा आहे असं व्यवस्थेने गृहीत धरलेलं आहे, एवढंच.

यावर काही शहाणे म्हणतात, 'सगळी माहिती इंटरनेटवर आहे, वाचत का नाही?' त्यांना १९ सप्टेंबर २०२५ ची आठवण करून देतो. त्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. बड्या कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब परत यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे शुल्क नव्या अर्जांनाच आहे, जुन्या व्हिसाधारकांना नाही. इंटरनेट सगळ्यांकडेच होतं, वकील मोजक्यांकडे होता. बातमी आणि तिचा अर्थ यांच्यात चोवीस तासांचं अंतर पडलं तरी माणूस नाडला जातो. आपल्याकडे हे अंतर महिन्यांचं असतं, आणि सगळी कागदपत्रं इंग्रजीत.

दुसरे म्हणतात, 'तिकडे मराठी मंडळं आहेत, त्यांच्या गटात विचारा.' विचारायचं काय? 'माझ्याकडे अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचं पत्र आहे, ते कसं जोडू?' हा प्रश्न टाकला की जात जाहीर झाली. जात समुद्र ओलांडून जाते हे आता आपण सांगायची गरज नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला, आणि २०२३ साली सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणून आपली मुलं तिथे गप्प राहतात. गप्प राहिली की चुकतात.

बाबासाहेबांना तारखेची किंमत माहीत होती. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. पण चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. पैसे साठवून, मित्राकडून उसने घेऊन, शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० साली, मुदतीच्या आत, पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी 'मूकनायक' काढला होता. आपली बातमी आपणच आपल्या माणसांपर्यंत न्यायची असते, हे त्यामागचं भान होतं.

मग आज आपण काय करतो? जयंतीला डीजेवर लाखांची उधळण होते. विहारात वर्गणीदारांच्या नावांचा फलक असतो. पासपोर्टचा, व्हिसाचा, शिष्यवृत्तीच्या तारखांचा फलक एकाही विहारात मला दिसलेला नाही.

माझं म्हणणं तीन बाबतींत आहे.

एक, सरकारने निवडीचं अंतिम पत्र विद्यापीठाच्या आणि व्हिसाच्या तारखा पाहून द्यावं, आणि सोबत त्या देशाच्या नियमांचं मराठी टिपण द्यावं. केरळमध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी १९९६ पासून स्वतंत्र खातं आहे. महाराष्ट्राला एक पानाचं टिपण जड जाऊ नये.

दोन, प्रत्येक विहारात आणि अभ्यासिकेत एक फलक लावा. त्यावर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घेतलेली माहिती, ती तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव असावं. महिना झाला की जुना कागद काढायचा. तारीख नसलेला फॉरवर्ड हा एजंटाइतकाच घातक आहे.

तीन, जे गेले आहेत त्यांनी महिन्यातून दोन तास द्यावेत. देणगी नको. नियम बदलला की तो मराठीत, तारखेसह, खाली पाठवा. जिना तुम्ही चढलात, तो मागच्यासाठी राखणं हे 'पे बॅक टू सोसायटी'च्या भाषणापेक्षा मोठं काम आहे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली आपल्या याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. तेव्हा मुलांना शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून ती आपणच उभी केली. आज मुलांना राहायला जागा आहे, पण खबर नाही. तीही आपल्यालाच उभी करावी लागेल. सुरुवात आपल्या विहारातल्या एका फलकापासून करा, आणि तो या महिन्यातच लावा.

जयभीम, नमो बुद्धाय.