जुळी दोन, आई एकटी

जुळे झाले की पेढे वाटले जातात. ‘एकाच बाळंतपणात सुटली’ म्हणून सुनेचे कौतुकही होते. बारसे उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले, की खरी परीक्षा सुरू होते. अशा आया दवाखान्यात येतात तेव्हा मी बाळांच्या आधी आईचा चेहरा पाहतो.

साधा हिशेब मांडू. तान्हे बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते. दोघांचे मिळून कमीत कमी १६ वेळा झाले. एका वेळेस २० मिनिटे धरली, तरी पाच तासांहून जास्त वेळ नुसत्या पाजण्यात जातो. शिवाय ढेकर काढणे, डझनभर ओले लंगोट, दुपट्यांचे धुणे, तेल-पाणी आहेच. एक निजले की दुसरे उठते. मग आईने झोपायचे केव्हा?

यावर घरोघरी निघणारा तोडगा म्हणजे बाटली. ‘दोघांना कुठून पुरणार?’ हे वाक्य आईच्या कानावर पहिल्या दिवसापासून पडते. माझे मत स्पष्ट आहे. बहुतेक आयांना दोघांपुरते दूध येऊ शकते, कारण दूध मागणीप्रमाणे तयार होते. वरचे सुरू केले की बाळांचे ओढणे कमी होते, दूध आटते आणि लोक म्हणतात, ‘बघा, पुरलेच नाही!’ जुळी पुष्कळदा दिवस भरण्याआधी आणि अडीच किलोंहून कमी वजनाची जन्मतात. पाणी घालून पातळ केलेले दूध आणि नीट न उकळलेली बाटली यांतून होणारे जुलाब त्यांना झेपत नाहीत. डब्याच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आली, ती उगाच नव्हे. कधी वरचे द्यावे लागतेही. पण ते वजन पाहून डॉक्टरांनी ठरवावे, शेजारणीने नव्हे. दिलेच तर वाटी-चमच्याने द्यावे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. जुळ्यांत एक मुलगा आणि एक मुलगी असली, की मुलाला अंगावरचे व मुलीला बाटलीचे, अशी वाटणी मी काही घरांत पाहिली आहे. मुद्दाम कुणी ठरवत नाही. ‘तो जरा जास्त रडतो’ एवढे कारण पुरते. काही महिन्यांत हा फरक वजनकाट्यावर दिसतो. म्हणून दोघांची कार्डे वेगळी ठेवा, वजने वेगळी लिहा आणि आईचे दूध दोघांनाही द्या.

मग घरच्यांनी काय करावे? एक वही घ्या, दोन रकाने आखा. कोण केव्हा प्यायले, कुणाला औषधाचे थेंब दिले, हे लिहा; नाहीतर एकालाच दोनदा औषध जाते. दोघांच्या झबल्यांचे रंग वेगळे ठेवा. उशांचा आधार घेऊन दोघांना एकाच वेळी पाजता येते; ते शिकवायला सुरुवातीला कुणीतरी जवळ हवे. रोज अंघोळ घातलीच पाहिजे असे नाही, ओल्या फडक्याने पुसले तरी चालते. आणि बाप? त्याला अंगावर पाजता येत नाही, बाकी सगळे येते. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणेही त्याला जमते. रात्रीची एक वेळ आईचे काढून ठेवलेले दूध त्याने किंवा आजीने पाजावे.

आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात. त्यांच्याशी बाळांइतकेच आईविषयीही बोला. ती दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, उगाच रडत असेल, बाळे नकोशी वाटत असतील, तर ते ‘नखरे’ समजू नका. तो आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. बाळांना किंवा स्वतःला काही करीन असे ती बोलली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, तिला एकटी ठेवू नका.

बाळंतिणीला डिंकाचे लाडू जरूर करा. त्यासोबत सलग तीन-चार तासांची झोपही द्या. लाडू विकत मिळतात. झोप घरच्यांनीच द्यावी लागते.